नवे सेल, तरीही लाल दिवा : एका गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या वीज-बिघाडाचा पूर्ण तपास

संच आणि तक्रार

संच निन्टेन्डोचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आहे. २००१ साली आलेले, दोन एए सेलवर चालणारे हे पहिले मॉडेल. मूळ पडद्याला मागून प्रकाश नव्हता, म्हणून मालकाने तो काढून बॅकलाइट असलेला आयपीएस (कोणत्याही कोनातून स्पष्ट दिसणारा एलसीडी) पडदा बसवला. मूळ पडद्यासह संच व्यवस्थित चालत होता. पडदा बदलल्यानंतर मात्र पुढील गोष्टी सुरू झाल्या :

- नवे अल्कलाइन सेल टाकले की दिवा हिरवा लागतो. ब्राइटनेस पूर्ण वाढवली की साधारण अर्ध्या तासात दिवा लाल होतो आणि थोड्याच वेळात संच बंद पडतो.
- पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केला तर काही मिनिटे चालतो, मग पुन्हा तेच.
- चार्ज केलेले निकेल-मेटल हायड्राइड सेल टाकून ब्राइटनेस वाढवली तर संच क्षणात विझतो.
- स्विचजवळ बोट लागले किंवा संच हातात जरा पिळला गेला तरी कधीकधी खेळ पहिल्यापासून सुरू होतो.

मालकाने सेलचे तीन ब्रँड बदलून पाहिले आणि शेवटी पडदा सदोष आहे असे ठरवले. पडदा बदलला आणि बिघाड आला, त्यामुळे हा निष्कर्ष स्वाभाविक होता. तो चूक कसा ठरला, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

लक्षणांतून मिळालेले धागे

सर्वात बोलका पुरावा 'संपलेल्या' सेलमध्येच होता. संच बंद पडल्यावर सेल बाहेर काढून तासाभराने मोजले, तेव्हा प्रत्येकी १.४४ व्होल्ट भरले. ताजा अल्कलाइन सेल मोकळा मोजला तर १.६ च्या आसपास दाखवतो. १.४४ वर असलेल्या सेलमध्ये निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक असते. असे सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये कितीतरी महिने चालतील. म्हणजे सेल संपले नव्हते. त्यांच्यातली वीज पुढे पोहोचत नव्हती.

दुसरा धागा दिव्याचा. या संचातला दिवा सेलकडे थेट पाहत नाही. स्विच ओलांडून आत आलेल्या व्होल्टेजवर त्याचा रंग ठरतो. त्यामुळे लाल दिव्याचा अर्थ 'सेल संपत आले' एवढाच घेणे चूक. त्याचा नेमका अर्थ 'स्विचच्या पलीकडे व्होल्टेज कमी पडते आहे' असा आहे. हे दोन अर्थ वेगळे करून पाहिले की तपासाची दिशा आपोआप ठरते.

तिसरा धागा म्हणजे पिळल्यावर किंवा बोट लागल्यावर होणारा रीसेट. आयसी (बोर्डावरची चिप) किंवा पडदा खराब झाला म्हणून असा रीसेट क्वचितच होतो. जिथे धातूवर धातू नुसता दाबून बसलेला असतो, तिथे तो होतो. सेलच्या स्प्रिंगा आणि स्विचमधली पट्टी ही इथली अशी ठिकाणे.

खेळाची कॅसेट काढूनही संच सुरू करून पाहिला. सुरुवातीचे बोधचिन्ह येऊन पडदा तिथेच थांबतो, पण बॅकलाइट चालू राहतो. ब्राइटनेस वाढवल्यावर बिघाड तसाच दिसला, त्यामुळे कॅसेट संशयातून बाहेर पडली.

हाच प्रकार सेगाच्या गेम गिअरमध्ये दिसला असता तर पहिला संशय बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरांवर घ्यावा लागला असता, कारण त्या संचात ते गळण्याचा दोष सर्रास आढळतो. गेम बॉय अ‍ॅडव्हान्समध्ये मात्र आधी संपर्क आणि स्विच पाहावे.

मोजणी : सेलपासून आत, एकेक पायरी

इथे बहुतेक जण मल्टिमीटर ओहमवर ठेवून स्विचचा रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) मोजतात आणि फसतात. साध्या मीटरच्या प्रोबच्या तारांचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो. शिवाय मीटर मोजताना अगदी थोडा प्रवाह सोडतो. इथेही ओहमवर आकडा अस्थिर होता, कधी ०.५ तर कधी २ च्या वर, आणि त्यावरून काहीच ठरवता येत नव्हते. भरवशाची रीत वेगळी आहे : संच चालू ठेवायचा, लोड (संच ओढतो ती वीज) पडू द्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर किती व्होल्ट गळतात ते पाहायचे. संपर्क चांगला असेल तर त्याच्या दोन बाजूंमध्ये मीटर जवळजवळ शून्य दाखवतो.

पहिल्या फेरीत संच उघडलेला नव्हता, फक्त सेलचे झाकण काढलेले आणि ब्राइटनेस सर्वात खालच्या पायरीवर. आकडे असे :

- स्विच बंद, दोन्ही सेल मिळून : ३.१८ व्होल्ट
- स्विच चालू, प्रोब सेलच्या स्वतःच्या टोकांवर : ३.१० व्होल्ट
- स्विच चालू, प्रोब स्प्रिंग आणि पट्टीच्या धातूवर : ३.०१ व्होल्ट
- प्रवाह : ०.२६ अँपिअर

दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात फरक करताना हात स्थिर हवा. प्रोबचे टोक सेलच्या चकतीवर टेकले की एक आकडा येतो. तेच दोन मिलिमीटर सरकून स्प्रिंगच्या वेटोळ्यावर टेकले की दुसरा. मधल्या त्या दोन मिलिमीटरमध्ये पांढरट पापुद्रा होता आणि ०.०९ व्होल्ट तिथेच जात होते. ०.०९ ला ०.२६ ने भागले की ०.३५ ओहम. चारही संपर्कांचा हा मिळून रोध झाला.

प्रवाह मोजण्यासाठी कागदाच्या अरुंद पट्टीच्या दोन्ही बाजूंना तांब्याची चिकटपट्टी लावली, ती सेल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये सरकवली आणि दोन बाजूंना मीटरचे प्रोब जोडले. मीटर १० अँपिअरच्या खाचेत ठेवायचा. मिलिअँपिअरच्या खाचेतला अंतर्गत रोध इतका जास्त असतो की मीटर जोडल्यानेच संच बंद पडतो आणि आपण भलत्याच गोष्टीच्या मागे लागतो. प्रवाह मोजून झाला की पट्टी काढून टाकायची आणि मगच व्होल्टेजचे आकडे घ्यायचे.

दुसऱ्या फेरीसाठी संच उघडला. मागे तीन पात्यांचे सहा स्क्रू आणि सेलच्या खणात एक साधा फिलिप्स. मागची बाजू उचलताना एल आणि आर ही वरची बटणे सुटी होतात, त्यांची बारीक स्प्रिंग उडते. म्हणून संच पडदा खाली करून ट्रेमध्ये उघडावा. सेल मागच्या कवचात बसतात, त्यामुळे ते कवच निघाल्यावर वीज देण्यासाठी दोन एए सेलचा तारा लावलेला वेगळा खण बोर्डाच्या सेल-टोकांना जोडला. उलटी जोडणी झाली तर फ्यूज उडतो, क्वचित त्याहून जास्त नुकसान होते. जोडण्याआधी टोकांवरची अधिक-उणे खूण दोनदा पाहावी.

या खणाचे संपर्क स्वच्छ असल्याने प्रवाह थोडा उतरून ०.२५ अँपिअर झाला. आता फ्यूजच्या दोन टोकांत ०.०२ व्होल्ट मिळाले. हे ठीक आहे, फ्यूजला स्वतःचा थोडा रोध असतोच. स्विचच्या दोन पायांत मात्र ०.३३ व्होल्ट, म्हणजे साधारण १.३ ओहम. चांगल्या सरकत्या स्विचमध्ये हा आकडा ओहमच्या काही शतांशांत असतो. प्रोब तसेच ठेवून स्विचच्या दांडीवर नखाने किंचित दाब दिला, तर ०.३३ चे ०.१५ झाले, सोडताच ०.४ च्या पुढे गेले. दाबाबरोबर आकडा हलला की स्विचचा गुन्हा सिद्ध झाला असे समजावे.

एक खात्री अजून बाकी होती. ब्राइटनेस पूर्ण वाढवून, दिवा लाल असताना स्विचच्या त्या दोन पायांवर जाड तारेचा तुकडा टेकवला. दिवा त्याच क्षणी हिरवा झाला आणि पडद्याचा प्रकाश स्थिरावला. तार उचलली की पुन्हा लाल. हा प्रयोग करताना एक धोका आहे. या स्विचला दोनच पाय नसतात. चालू स्थितीत नेमके कोणते दोन जुळतात ते आधी संच बंद ठेवून, सेल काढून मीटरने शोधावे. चुकीच्या पायावर तार टेकली तर वीज थेट ग्राउंडला, म्हणजे सेलच्या उणे टोकाकडे, जाऊ शकते.

पडदा निर्दोष असून बिघाड आत्ताच का दिसला

सगळा रोध एकत्र केला तर सेलचा अंतर्गत ०.३१, संपर्कांचा ०.३५, फ्यूजचा ०.०८ आणि स्विचचा १.३१ मिळून २.०५ ओहम होतो. एवढ्याशा रोधाने संच बंद का पडावा, याचे उत्तर आतल्या वीजपुरवठ्याच्या स्वभावात आहे.

दोन सेलचे तीनएक व्होल्ट वर चढवून ३.३ आणि ५ व्होल्ट तयार करणारा पुरवठा बोर्डावर असतो. असा पुरवठा साध्या बल्बसारखा वागत नाही. बल्बला व्होल्टेज कमी मिळाले की तो प्रवाहही कमी घेतो, मंद होतो, पण जळत राहतो. या पुरवठ्याला मात्र बाहेर ठराविक वॅट द्यायचेच असतात. आत येणारे व्होल्टेज घटले की तो जास्त प्रवाह ओढतो. प्रवाह वाढला की खराब स्विचमध्ये आणखी व्होल्ट गळतात, आत येणारे व्होल्टेज आणखी घटते, पुरवठा आणखी ओढतो. एका मर्यादेपलीकडे हे चक्र थांबत नाही आणि संच कोसळतो.

ती मर्यादा काढता येते. मोकळ्या सेलच्या व्होल्टेजचा वर्ग करून त्याला रोधाच्या चौपटीने भागले की त्या वाटेने जास्तीत जास्त किती वॅट जाऊ शकतात ते मिळते. इथे ३.१८ चा वर्ग १०.११, भागिले ८.२, म्हणजे १.२३ वॅट. पूर्ण ब्राइटनेसला हा संच साधारण १ वॅट मागतो. ताजे सेल असताना हिशेब कसाबसा जुळतो, पण स्विचपलीकडे फक्त २.२८ व्होल्ट उरतात. सेलचे व्होल्टेज २.८६ वर, म्हणजे प्रत्येकी १.४३ वर आले की मर्यादा नेमकी १ वॅट होते आणि संच कोसळतो. बाहेर काढलेले सेल विसावा मिळाल्यावर १.४४ दाखवत होते ते याच कारणाने. थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा काही मिनिटे चालणे हीसुद्धा त्या विसाव्यात सावरलेल्या सेलचीच करामत.

आता निकेल-मेटल हायड्राइड पाहा. चार्ज करून काढलेला सेल सुरुवातीला १.३५ ते १.४ देतो आणि मग बराच काळ १.२ च्या आसपास टिकतो. म्हणजे ते पहिल्या मिनिटापासूनच मर्यादेच्या खाली. सेलमध्ये काही दोष नसताना मालकाने त्यांना 'निकृष्ट' ठरवले होते.

आणि मूळ पडदा? त्याला बॅकलाइट नसल्याने संचाचा एकूण खर्च ०.४ वॅटच्या आसपास. दोन अल्कलाइन सेलमध्ये उपयोगी ऊर्जा साधारण ६ वॅट-तास धरली तर १५ तास निघतात आणि या मॉडेलची सांगितलेली मुदतही तेवढीच आहे. ०.४ वॅटसाठी २.०५ ओहमची मर्यादा १.८१ व्होल्टवर येते, म्हणजे प्रत्येकी ०.९ च्या जवळ. तिथे सेल खरोखर संपलेलेच असतात. स्विच पडदा बदलण्याच्या बऱ्याच आधीपासून खराब होत आला होता. कमी लोडवर तो कधी उघडा पडला नाही. नव्या पडद्याने जास्त वीज मागितली आणि जुनी दुखापत बाहेर आली, एवढेच.

पूर्ण ब्राइटनेसला ०.४४ अँपिअर वाहताना त्या इवल्याशा स्विचमध्ये पाव वॅट उष्णता होत होती. दांडीजवळचे प्लास्टिक बोटाला कोमट लागे. मालकाने ते सांगितले होते, पण ऊब पडद्याची असावी असे समजून.

दुरुस्ती

आधी सेलचा खण. गळलेल्या अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी भुकटी होते. ती अल्कधर्मी असल्याने तिला सौम्य आम्ल लागते. कापसाची काडी साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये जेमतेम ओली करून पापुद्र्यावर टेकवली की बारीक फेस येतो. फेस थांबेपर्यंत काडी बदलत राहायचे. मग डिस्टिल्ड पाण्याच्या काडीने दोनदा पुसून व्हिनेगर पूर्ण काढायचे, नाहीतर तेच पुढे धातू खाते. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. काडी टपटप गळण्याइतकी भिजवू नये, पाणी सोल्डरच्या सांध्याखाली शिरते.

इथे सँडपेपर वापरायचा मोह होतो. तो वापरला की पट्टीवरचा निकेलचा मुलामा निघतो, दोन दिवस संपर्क छान मिळतो आणि मग उघडा पडलेला धातू आधीपेक्षा लवकर काळवंडतो. या संचात एका स्प्रिंगच्या टोकावरचा मुलामा आधीच गेला होता. त्या जागी फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारा पदार्थ) लावून सोल्डरचा अगदी पातळ थर चढवला. मुलामा जास्त गेला असता तर पट्टीच बदलावी लागली असती.

मग स्विच. बोर्ड पुढच्या कवचाला तीन फिलिप्स स्क्रूंनी धरलेला असतो. ते काढण्याआधी पडद्याची चपटी केबल सोडवावी. तिच्या कनेक्टरची तपकिरी पट्टी दोन्ही कडांनी सारखीच, जेमतेम मिलिमीटरभर सरकवायची. एका बाजूने ओढली तर तिचे कान तुटतात आणि मग केबल कधीच घट्ट बसत नाही.

स्विच स्वच्छ करायच्या दोन रीती आहेत. सोपी रीत म्हणजे दांडीच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब सोडून दांडी तीस-चाळीस वेळा मागेपुढे करायची, तासभर सुकू द्यायचे. पुष्कळ संच एवढ्याने सुधारतात. गंजलेले नटबोल्ट सोडवायचा साधा तेलकट स्प्रे मात्र वापरू नये. त्याचा तवंग मागे राहतो, त्यात धूळ बसते आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच दुखणे.

इथे थेंबाची रीत आधी करून पाहिली. स्विचमधली व्होल्टेजची घट ०.३३ वरून ०.१२ वर आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ०.२ दिसली. म्हणजे थर नुसता हलला होता, निघाला नव्हता. म्हणून स्विच उघडला. वरच्या धातूच्या टोपणाचे चार कान बारीक पात्याने हळूहळू उभे केले. एकच कान एकदम वाकवायचा नाही, चारही थोडे थोडे, कारण हे कान दोन-तीन वेळा वाकवल्यावर तुटतात. टोपण उचलताना आतली प्लास्टिकची दांडी आणि तिच्यात बसलेली चिमट्याच्या आकाराची पट्टी सुटी होते. उचलण्याआधी ती कशी बसली आहे याचा फोटो घेणे शहाणपणाचे.

आत जुने ग्रीस वाळून तपकिरी झाले होते. पट्टी जिथे टेकते त्या दोन रेघांवर काळा थर होता, नखाने न निघणारा. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने ग्रीस निघाले. काळ्या थरावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब पाच मिनिटे ठेवून, जाड कागदाची पट्टी त्यावरून दहा-बारा वेळा ओढली. कागद काळा होत गेला आणि खाली धातूची चमक दिसली. चिमट्याच्या दोन टोकांमधले अंतर पसरले होते. ते सुईनाक्या चिमट्याने अगदी केसभर जवळ आणले. जास्त जवळ आणले तर दांडी जड सरकते आणि मुलामा खरवडला जातो. दांडीच्या प्लास्टिकला सिलिकॉन ग्रीसचा किंचित हात लावला, धातूला नाही. टोपण बसवून कान पुन्हा दाबले.

स्विच इतका झिजला असता की धातूत खाच पडली आहे, तर बदलणे हाच मार्ग. बाजारात येणाऱ्या बदली स्विचांमध्ये दर्जा सारखा नसतो, म्हणून नवा बसवल्यावरही व्होल्टेजची घट मोजून घ्यावीच.

दुरुस्तीनंतरचे आकडे

संच पुन्हा जुळवून तेच सेल, तीच सर्वात कमी ब्राइटनेस. स्विचमधली घट ०.०१ व्होल्ट, चारही संपर्क मिळून तेवढीच. एकूण रोध सुमारे अर्धा ओहम. प्रवाह ०.२६ वरून ०.२२ वर उतरला, पडद्याचा प्रकाश मात्र तेवढाच. दुरुस्तीनंतर संच त्याच कामाला कमी प्रवाह घेऊ लागला, याचा अर्थ आधी वाटेत जळणारी वीज आता वाचते आहे. पूर्ण ब्राइटनेसला प्रवाह ०.३३ आणि स्विचपलीकडे ३.०१ व्होल्ट मिळाले.

२००० मिलिअँपिअर-तासांचे दोन निकेल-मेटल हायड्राइड सेल, म्हणजे मालकाने निकृष्ट ठरवलेलेच, पूर्ण ब्राइटनेसवर ४ तास १० मिनिटे चालले. २.४ व्होल्टने धरले तर त्यांच्यात ४.८ वॅट-तास असतात, आणि १ वॅटचा खर्च व शेवटची न वापरता येणारी ऊर्जा लक्षात घेता हा आकडा पटतो.

मालकाला सेलबद्दल दोन गोष्टी कळवल्या. आत नियंत्रक असलेले, चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल शेवटपर्यंत १.५ च दाखवतात आणि मग एकदम बंद होतात. त्यांच्यासह लाल दिव्याचा इशारा जवळपास मिळतच नाही, म्हणून सेव्ह वेळेवर करावे. आणि संच महिनाभर बाजूला ठेवायचा असेल तर सेल काढून ठेवावेत, स्विचची दांडी मधूनमधून दहा-वीस वेळा सरकवावी. सरकताना पट्टी धातूवरचा पातळ थर स्वतःच घासून काढते. वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या संचांचे स्विच जास्त बिघडलेले आढळतात ते यामुळे.

तीन आठवड्यांनी पुन्हा मोजले, स्विचमधली घट ०.०१ व्होल्टच होती. दांडीला बोट लागले तरी आता खेळ रीसेट होत नाही.